पदकविजेत्यांची प्रश्नमंजुषा (फिगर स्केटिंग): डावाचे नियम, नमुना प्रश्न आणि प्रश्नांतल्या पळवाटा

बाहेरची_कड

मार्चअखेर जागतिक अजिंक्यपद संपलं की ऑक्टोबरात ग्रां प्री (हंगामातली स्पर्धामालिका) सुरू होईपर्यंत बघायला फारसं काही उरत नाही. पदकविजेत्यांवरचे खेळ खरे रंगतात ते याच दिवसांत. पण आपल्याकडे दर डावाला एकच घोळ होतो. प्रश्न ढिला असतो, दोन-तीन उत्तरं बरोबर निघतात आणि पुढचा निम्मा धागा वादात जातो. म्हणून डावाचा साचा आधी मांडते. सूचना आल्या की त्याप्रमाणे पक्का करू.

व्याप्ती: फक्त ऑलिम्पिक आणि जागतिक अजिंक्यपद. महिला, पुरुष, जोड्या, आइस डान्स. सांघिक स्पर्धा (ऑलिम्पिकमध्ये २०१४ पासून) प्रश्नात तसं लिहिलं असेल तरच धरायची. युरोपियन, फोर कॉन्टिनेन्ट्स, ग्रां प्री आणि ज्युनिअर यांच्यासाठी वेगळा डाव ठेवू.

एका डावात चार फेऱ्या, फेरीत सहा प्रश्न, एकूण २४. त्याहून जास्त ठेवले की तिसऱ्या फेरीनंतर लोक गळतात.

पहिली फेरी ‘तीन पायऱ्या’. वर्ष, गाव आणि प्रकार दिला जाईल, तिन्ही पदकं क्रमाने सांगायची. बरोबर नाव बरोबर पायरीवर असेल तर २ गुण, नाव बरोबर पण पायरी चुकली तर १. पूर्ण उत्तराला ६. तिघं ओळखून दोघांची अदलाबदल झाली तर ४, आणि तिघंही भलत्याच पायऱ्यांवर गेले तरी ३ मिळतात. नावं माहीत असण्याला किंमत राहावी म्हणून हे असं ठेवलंय.

दुसरी फेरी ‘चौथा कोण’. पदकांची यादी सगळ्यांना पाठ असते, तिच्या एक ओळ खालचं नाव मात्र ज्याने स्पर्धा बघितली किंवा पूर्ण निकालपत्रक वाचलं त्यालाच आठवतं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीत महिलांत चौथी साशा कोहेन, २०१० च्या व्हँकुव्हरला मिराई नागासू, २०२२ च्या बीजिंगला पुरुषांत चौथा युझुरू हान्यू. ही फेरी माझी सगळ्यात आवडती.

तिसरी फेरी ‘उलटा प्रश्न’ (वर्णनावरून नाव) आणि चौथी ‘साखळी’. या दोन्हींवर खाली चर्चा होऊ दे.

उत्तरं धाग्यावर लिहायची नाहीत, पंचांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायची. मुदत ४८ तास. प्रतिसाद नंतर संपादित करता येतो, व्यनि संपादित करता येत नाही, म्हणून हा नियम. पंच त्या डावात खेळणार नाहीत.

---

जुना_निकाल

जागा पकडतो आणि थेट मुद्द्यावर येतो. पदकांचा इतिहास नंतरही बदलत राहतो. ज्या स्पर्धांचे निकाल मागाहून फिरले त्यांची यादी पंचांच्या हाताशी नसेल तर डाव फसलाच म्हणून समजा.

१९६४, इन्सब्रुक, जोड्या. सुवर्ण लुडमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोटोपोपोव यांचं, त्यावर वाद नाही. रौप्य जिंकलं मारिका किलियुस आणि हान्स-युर्गन बॉयम्लर यांनी. पण खेळांआधीच व्यावसायिक शोशी करार केल्याच्या कारणावरून १९६६ मध्ये त्यांचं पदक काढून घेतलं गेलं. मग कॅनडाच्या डेबी विल्क्स आणि गाय रेव्हेल यांना रौप्य आणि अमेरिकेच्या व्हिव्हियन व रोनाल्ड जोसेफ या बहीणभावाला कांस्य. १९८७ मध्ये जर्मन जोडीला पदक परत मिळालं. परिणाम असा की कोणत्या साली छापलेलं पुस्तक हातात आहे त्यावर उत्तर ठरतं. या स्पर्धेवर ‘तीन पायऱ्या’ कधीही घालू नका. सुवर्ण विचारा, नाहीतर ‘पदक काढून घेऊन परत दिलेली जोडी कोणती’ असं विचारा. त्याला एकच उत्तर आहे आणि प्रश्नही जास्त चांगला आहे.

२००२, सॉल्ट लेक सिटी, जोड्या. परीक्षणाच्या वादानंतर जेमी सॅले आणि डेव्हिड पेल्तिए यांना दुसरं सुवर्ण दिलं. येलेना बेरेझ्नाया आणि अँटन सिखारुलिद्झे यांचं सुवर्ण कायम राहिलं. रौप्य कोणालाच नाही, कांस्य शेन शुए आणि झाओ होंगबो यांना. ‘तीन पायऱ्या’त घातलंच तर गुणांचं कोष्टक आधी जाहीर करावं लागेल: दोन सुवर्णांना प्रत्येकी २, रौप्याच्या जागी ‘नाही’ लिहिणाऱ्याला १, कांस्याला १.

२०२२, बीजिंग, सांघिक. बर्फावर रशियन ऑलिम्पिक समितीचा संघ पहिला आला. जानेवारी २०२४ मध्ये क्रीडा लवादाने त्या संघातल्या कामिला व्हालिएव्हाला उत्तेजक प्रकरणी अपात्र ठरवलं, तिचे गुण वजा झाले आणि क्रम असा लागला: अमेरिका ६५, जपान ६३, रशियन संघ ५४, कॅनडा ५३. व्हालिएव्हाच्या मागच्या स्केटर्सना एकेक जागा वर सरकवून गुण वाढवून द्यावेत, ही कॅनडाची मागणी फेटाळली गेली. अमेरिका आणि जपानच्या खेळाडूंना पदकं मिळाली ऑगस्ट २०२४ मध्ये, पॅरिसच्या उन्हाळी ऑलिम्पिकच्या वेळी.

याच निर्णयाने ‘चौथा कोण’ फेरीलाही धक्का बसतो. बीजिंगला महिलांत चौथी आली होती व्हालिएव्हा. आजच्या निकालात चौथी वाकाबा हिगुची. म्हणजे प्रश्नात ‘आजच्या अधिकृत निकालानुसार’ हे शब्द हवेतच.

पुढेमागे युरोपियनचा डाव काढलात तर दोन नोंदी करून ठेवा. २००० साली बेरेझ्नाया–सिखारुलिद्झे यांचं विजेतेपद उत्तेजक चाचणीमुळे गेलं आणि मारिया पेत्रोवा–अलेक्सेई तिखोनोव यांना मिळालं. २०२२ चं व्हालिएव्हाचं सुवर्णही रद्द होऊन अ‍ॅना शेर्बाकोवाकडे गेलं.

---

सहा_पूर्ण

जुना निकाल दादा, हे सगळं धाग्याच्या डोक्यावर चिकटवून ठेवायला हवं.

मी एकच प्रश्न उलगडून दाखवते, कारण तो दर डावात येतो आणि दर डावात भांडण लावतो: ‘फिगर स्केटिंगमधली सर्वांत लहान ऑलिम्पिक विजेती कोण?’

बहुतेकजण तारा लिपिन्स्की लिहितात. जन्म १० जून १९८२, नागानोचं सुवर्ण २० फेब्रुवारी १९९८ ला. वय १५ वर्षं २५५ दिवस.

युलिया लिपनित्स्काया: जन्म ५ जून १९९८, सोचीचं सांघिक सुवर्ण ९ फेब्रुवारी २०१४ ला. १५ वर्षं २४९ दिवस. म्हणजे लिपिन्स्कीपेक्षा सहा दिवसांनी लहान.

माक्सी हर्बर: जन्म ८ ऑक्टोबर १९२०, गार्मिश-पार्टेनकिर्खेनला जोड्यांचं सुवर्ण १३ फेब्रुवारी १९३६ ला, एर्न्स्ट बायरसोबत. १५ वर्षं १२८ दिवस. तिघींत सर्वांत लहान हीच.

प्रश्न ढिला ठेवला तर उत्तर हर्बर. ‘वैयक्तिक प्रकारात’ म्हटलं तर लिपिन्स्की. ‘सांघिक सुवर्ण मिळवणारी’ म्हटलं तर लिपनित्स्काया. दोन शब्दांनी उत्तर बदलतं. आणि प्रश्न काढणाऱ्याच्या मनात लिपिन्स्की असते, त्यामुळे हर्बर लिहिणाऱ्याला, म्हणजे ज्याचं उत्तर सर्वांत पक्कं आहे त्याला, शून्य मिळतं. हे मला फार खटकतं. खोलात जाऊन वाचणाऱ्याला शिक्षा होईल असा प्रश्न काढूच नये.

वयाच्या प्रश्नांना माझा नियम: जन्मतारीख आणि स्पर्धेतल्या त्या प्रकाराच्या शेवटच्या दिवसाची तारीख, दोन्ही पंचांनी लिहून ठेवायच्या. उद्घाटन सोहळ्याची तारीख धरून वय काढलं की काही दिवसांचा फरक पडतो. वर सहा दिवसांवर निकाल लागतोय.

---

हिवाळी_पाखरू

+१. सालांचा गोंधळही त्याच जातीचा आहे, म्हणून तो मी घेते.

‘२००३ ची ग्रां प्री फायनल महिलांत कोणी जिंकली?’ याला दोन उत्तरं आहेत. २००२–०३ हंगामाची फायनल सेंट पीटर्सबर्गला फेब्रुवारीअखेर सुरू होऊन मार्चच्या सुरुवातीला संपली, तिथे साशा कोहेन जिंकली. २००३–०४ ची फायनल कोलोरॅडो स्प्रिंग्सला डिसेंबर २००३ मध्ये झाली, तिथे फुमिए सुगुरी. पुरुषांतही तसंच: आधी एव्हगेनी प्लुशेन्को, नंतर इमॅन्युएल सँढू. एकाच कॅलेंडर वर्षात दोन फायनल. ग्रां प्रीच्या प्रश्नात हंगाम जोडसालाने लिहायचा आणि गाव द्यायचं.

जागतिक ज्युनिअरचं उलटं होतं. मिशेल क्वानचं १९९४ चं जागतिक ज्युनिअर विजेतेपद प्रत्यक्षात डिसेंबर १९९३ मधलं आहे.

जागतिक अजिंक्यपद झालंच नाही ती वर्षं: १९१५ ते १९२१, १९४० ते १९४६, १९६१ आणि २०२०. १९६१ ची स्पर्धा प्रागला व्हायची होती. १५ फेब्रुवारी १९६१ ला ब्रसेल्सजवळ झालेल्या विमान अपघातात अमेरिकेचा सगळा संघ गेला आणि स्पर्धा रद्द केली. या सालावर ‘फसवा प्रश्न’ म्हणून ‘१९६१ चा विश्वविजेता कोण’ असं विचारू नये, एवढी माझी मनापासून विनंती. साल कशामुळे रिकामं आहे असं सरळ विचारा.

गाव बदललेलं वर्ष म्हणजे २०११. स्पर्धा मार्चमध्ये टोकियोला होती, भूकंपानंतर ती एप्रिलअखेर मॉस्कोला झाली. ‘टोकियो २०११’ असं प्रश्नात चुकून लिहिलेलं दिसतं, तसा प्रश्न बाद धरावा.

---

जुना_निकाल

पाखरू ताईंच्या यादीला एक जोड. १९२४ च्या आधीच्या महिला आणि जोड्यांच्या स्पर्धांना त्या वेळी जागतिक अजिंक्यपद म्हणत नसत. आंतरराष्ट्रीय संघटनेची ‘अजिंक्यपद स्पर्धा’ एवढंच नाव होतं, जागतिक दर्जा मागाहून दिला गेला. पुरुषांची पहिली स्पर्धा १८९६ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये (गिल्बर्ट फुक्स, गुस्ताव ह्युगेल, गेओर्ग सँडर्स), महिलांची १९०६ ला दाव्होसला, जोड्यांची १९०८ ला, आइस डान्सची १९५२ ला पॅरिसमध्ये.

याचा थेट परिणाम बघा. नेहमीचा प्रश्न: ‘चार वेळा विश्वविजेतेपद, पण ऑलिम्पिक पदक एकही नाही, कोण?’ मनात असतो कर्ट ब्राउनिंग (१९८९, ९०, ९१, ९३). पण हंगेरीची लिली क्रोनबर्गर १९०८ ते १९११ सलग चार वेळा जिंकली आणि तिच्याही नावावर ऑलिम्पिक पदक नाही. प्रश्नात ‘पुरुष एकेरी’ लिहिलं की काम झालं. नुसतं ‘एकेरी’ लिहिलं तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्या.

---

लुट्झकर

देशांबद्दल थोडक्यात. १९९२ च्या आल्बेरव्हिलमध्ये व्हिक्टर पेत्रेन्को संयुक्त संघाकडून (माजी सोव्हिएत देशांचा एकत्र संघ) जिंकला, युक्रेनकडून नाही. युक्रेनचं या खेळातलं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण १९९४ ला ओक्साना बायुलचं. २०१८ ला रशियाचे खेळाडू ‘रशियातून आलेले ऑलिम्पिक खेळाडू’ या नावाखाली उतरले, २०२१ च्या स्टॉकहोम जागतिकला स्केटिंग महासंघाच्या नावाने आणि २०२२ ला ऑलिम्पिक समितीच्या नावाने. देश विचारायचा असेल तर ‘त्या स्पर्धेत कोणत्या नावाखाली’ असंच विचारा, आणि ‘रशिया’ लिहिणाऱ्याला अर्धा गुण द्या. पूर्ण नाकारलं तर उगाच कटकट होते.

आर्तुर द्मित्रीएव्हवर चांगला प्रश्न होतो. दोन वेगवेगळ्या जोडीदारणींसोबत ऑलिम्पिक सुवर्ण: १९९२ ला नताल्या मिश्कुतेनोक, १९९८ ला ओक्साना कझाकोवा. पहिलं संयुक्त संघाचं, दुसरं रशियाचं. इरिना रोडनिनाचंही तसंच: १९७२ ला अलेक्सेई उलानोव, १९७६ आणि १९८० ला अलेक्झांडर झैत्सेव. म्हणून इथेही ‘जोड्या’ आणि ‘पुरुष’ की ‘स्त्री’ हे लिहायचं.

नावांच्या लेखनावर पंचांनी ताणून धरू नये. १९०८ च्या पुरुषांतल्या विजेत्याला साल्शो, साल्चो, साल्कोव काहीही म्हटलं तरी चालेल, माणूस एकच आहे हे कळलं म्हणजे झालं. मात्र आडनाव दोघांत विभागलेलं असेल तिथे पूर्ण नाव सक्तीचं: हेज आणि डेव्हिड जेनकिन्स (सख्खे भाऊ, १९५६ ला एकाच पोडियमवर सुवर्ण आणि कांस्य), चेन लू आणि नेथन चेन, किम युना आणि किम चेयॉन. लग्नानंतर नाव बदललेल्यांची दोन्ही नावं ग्राह्य: आंद्रे जोली १९२४ आणि १९२८ ला जोली, १९३२ ला ब्रुने. हर्मा साबो तर जुन्या निकालांत तीन-तीन आडनावांनी सापडते.

---

बाहेरची_कड

लुट्झकर, नावांचा नियम घेतला. सहा पूर्ण ताई, वयाचाही घेतला.

आता भेंड्या. दोन फेऱ्यांच्या मध्ये किंवा पंच गुण मोजत असताना खेळायला हा प्रकार उत्तम, कारण त्याला पंचच लागत नाही. आडनावाचं शेवटचं व्यंजन घ्यायचं, त्यावरची मात्रा सोडून द्यायची, आणि त्या अक्षराने सुरू होणारं पुढचं आडनाव टाकायचं. सोबत एक पदक सांगणं सक्तीचं, नाहीतर लोक नुसती स्केटर्सची नावं घेतात. एकदा आलेलं नाव पुन्हा नाही. ‘व’ आणि ‘व्ह’ एकच, ‘ट’ आणि ‘त’ वेगळे.

नमुना:

विट (१९८४ सुवर्ण) → टिकनर (१९८० कांस्य) → रोडनिना (१९७२ सुवर्ण) → नेपेला (१९७२ सुवर्ण) → लिपिन्स्की (१९९८ सुवर्ण) → क्वान (१९९८ रौप्य) → नवका (२००६ सुवर्ण) → करी (१९७६ सुवर्ण) → रोशेट (२०१० कांस्य) → टॉर्व्हिल (१९८४ सुवर्ण) → लायसाचेक (२०१० सुवर्ण) → कॉस्टनर (२०१४ कांस्य)

डाव अडतो तो ‘न’वर. बटन, हॅमिल्टन, क्वान, चॅन, टेन, डीन, यागुदिन, सगळे ‘न’ देऊन जातात, आणि ‘न’ने सुरू होणारे पदकविजेते मोजकेच. नेपेला आणि नवका संपले की सहसा आठवते ती स्वेआ नोरेन (१९२० रौप्य), आणि ती पुन्हा ‘न’च देते! ज्याच्याकडे नोरेन शिल्लक आहे त्याने ती शेवटपर्यंत दाबून ठेवावी. मिराई नागासू टाकायची असेल तर सांघिक पदकं (२०१८ कांस्य) चालतील असं आधी ठरलेलं हवं. ‘व’ने संपणारी रशियन आडनावं ढिगाने आहेत, पण तिथे घाबरायचं कारण नाही: वायली, वूड, विल्सन, व्हिन्सन, वॅग्नर, व्हर्च्यू, व्हाइट, व्होलोसोझार, भरपूर साठा आहे.

धाग्यावर खेळताना एकाच व्यक्तीने लागोपाठ दोन नावं टाकायची नाहीत. सहा तासांत कोणी पुढे नेलं नाही तर शेवटचं नाव टाकणाऱ्याला ३ गुण आणि नवीन अक्षर निवडायचा हक्क.

---

तिसरी_पायरी

साखळीचा नियम मी लिहितो. दोन नावं दिली जातात. एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचायचं, आणि प्रत्येक दुव्यातले दोघं एकाच स्पर्धेच्या एकाच पोडियमवर उभे राहिलेले असले पाहिजेत. फक्त ऑलिम्पिक आणि जागतिक. दुवे जितके कमी तितके गुण जास्त: पंचांच्या साखळीइतके दुवे असतील तर ५, एक जास्त तर ३, त्याहून लांब पण बिनचूक असेल तर १. पंचांच्या साखळीपेक्षा आखूड काढली तर ८.

उदाहरण: युझुरू हान्यू ते स्कॉट हॅमिल्टन.

हान्यू – पॅट्रिक चॅन (२०१४ ऑलिम्पिक) – ब्रायन ज्युबेर (२०१० जागतिक) – प्लुशेन्को (२००४ जागतिक) – यागुदिन (२००२ ऑलिम्पिक) – एल्विस स्टोयको (१९९७ जागतिक) – पेत्रेन्को (१९९२ जागतिक) – ब्रायन ऑर्सर (१९८८ ऑलिम्पिक) – हॅमिल्टन (१९८४ ऑलिम्पिक). आठ दुवे.

नेहमी फसतं ते इथे: चॅन आणि प्लुशेन्को दोघंही व्हँकुव्हर २०१० ला खेळले म्हणून लोक त्यांना थेट जोडतात. चॅन तिथे पोडियमवर नव्हता. नुसतं एका स्पर्धेत असून भागत नाही. पंचांनी प्रत्येक दुव्याला स्पर्धा आणि साल मागावंच, नुसती नावांची माळ स्वीकारू नये.

---

हिवाळी_पाखरू

तिसरी पायरी, ही आखूड होते. हान्यू – दाइसुके ताकाहाशी (२०१२ जागतिक, नीस) – प्लुशेन्को (२०१० ऑलिम्पिक) – टॉड एल्ड्रिज (१९९८ जागतिक, मिनियापोलिस) – पेत्रेन्को (१९९१ जागतिक, म्युनिक) – ऑर्सर (१९८८ ऑलिम्पिक) – हॅमिल्टन (१९८४ ऑलिम्पिक). सहा दुवे.

साखळी आखूड करायची किल्ली म्हणजे ज्यांची पदकं बऱ्याच वर्षांवर पसरलेली आहेत ते लोक. एल्ड्रिजचं पहिलं जागतिक पदक १९९१ चं आणि शेवटचं २००१ चं. प्लुशेन्कोचं १९९८ पासून २०१० ऑलिम्पिकपर्यंत. महिलांत क्वान आणि इरिना स्लुत्स्काया (दोघी १९९६ पासून) आणि कॅरोलिना कॉस्टनर (२००५ ते २०१४). जोड्यांमध्ये जोडीदार बदललेल्यांकडे बघा: अल्योना साव्हचेन्को २०१० आणि २०१४ ला रॉबिन शोल्कोवीसोबत, २०१८ ला ब्रुनो मासोसोबत. एका नावात दोन पिढ्या जोडल्या जातात.

---

तिसरी_पायरी

मान्य, सहा दुव्यांचीच नमुना म्हणून ठेवू. याहून आखूड कोणाला निघाली तर इथेच लिहा, ८ गुण तुमचे.

---

सहा_पूर्ण

‘उलटा प्रश्न’ फेरीबद्दल. शोधयंत्रात एका ओळीत सापडेल असं विचारून उपयोग नाही. ‘१९७६ चा सुवर्णविजेता’ दहा सेकंदांत मिळतो. दोन याद्या एकमेकांवर ठेवाव्या लागतील असा प्रश्न काढा. ऑलिम्पिकमध्ये आधी कांस्य, मग रौप्य, मग सुवर्ण, असं तिन्ही पायऱ्या चढलेली आइस डान्सची जोडी? मरिना क्लिमोवा आणि सेर्गेई पोनोमारेन्को, १९८४, ८८, ९२. यादी वाचून हे दिसत नाही, तीन याद्या शेजारी ठेवाव्या लागतात.

नमुना फेरी देते, सहा प्रश्न, सोप्याकडून अवघडाकडे. पंचांनी वर्षंही अशीच विखरून घ्यावीत: एक २०१० च्या आसपासचा किंवा नंतरचा, तीन १९७० ते २००६ मधले, एक १९६१ च्या आधीचा आणि एक ‘जितके सापडतील तितके’ प्रकारचा.

१. २०१८ च्या प्यॉंगचांगला महिलांत सुवर्ण आणि रौप्य एकाच देशाच्या खेळाडूंना मिळालं. कांस्य कोणाला?

२. जागतिक अजिंक्यपदात महिलांची तिन्ही पदकं अमेरिकेकडे. गाव, साल आणि तिघी क्रमाने.

३. १९९८ च्या नागानोला महिलांत चौथी कोण?

४. फ्री स्केटमध्ये (शेवटच्या, लांब फेरीत) सातवी येऊनही ऑलिम्पिक सुवर्ण. कोण आणि कोणत्या साली?

५. एकाही परीक्षकाने पहिला क्रमांक दिला नाही, तरी ऑलिम्पिक सुवर्ण. कोण, कुठे?

६. सलग दोन ऑलिम्पिकमध्ये, त्याच प्रकारात, दोन्ही वेळा कांस्य. जितके सापडतील तितके, प्रत्येकी १ गुण.

---

सहा_पूर्ण

उत्तरं (ज्यांना आधी सोडवायचंय त्यांनी इथेच थांबा).

१. केटलिन ऑस्मंड, कॅनडा. वर अलिना झागितोवा आणि एव्हगेनिया मेदवेदेवा, २३९.५७ आणि २३८.२६.

२. म्युनिक १९९१: क्रिस्टी यामागुची, टोन्या हार्डिंग, नॅन्सी केरिगन.

३. मारिया बुतिर्स्काया. बरेचजण सुर्या बोनाली लिहितात, ती चौथी होती १९९४ ला.

४. ट्रिक्सी शुबा, ऑस्ट्रिया, १९७२ साप्पोरो. कम्पल्सरी फिगर्समधली (बर्फावर ठरावीक आकृत्या रेखायची फेरी) तिची आघाडी एवढी मोठी होती की फ्री स्केटमध्ये कोणी गाठूच शकलं नाही. फिगर्सचं हे वजन कमी करण्यासाठी १९७३ पासून शॉर्ट प्रोग्रॅम आला. १९९० नंतर जागतिक स्पर्धेतून फिगर्स पूर्ण गेले. फिगर्सच्या काळातल्या प्रश्नांत ‘फ्री स्केट जिंकणारा’ आणि ‘स्पर्धा जिंकणारा’ ही दोन नावं कायम वेगळी तपासून घ्या.

५. माग्दा युलिन, स्वीडन, १९२० अँटवर्प. त्या पद्धतीत परीक्षकांचे क्रमांक मोजत. पहिले क्रमांक इतरांमध्ये विभागले गेले आणि युलिनला बहुतेकांनी वरच्या जागा दिल्या, म्हणून ती पुढे.

६. माझ्याकडे सहा आहेत: एमिलिया रॉटर–लास्लो सोलाश (१९३२, ३६), पॅट्रिक पेरा (१९६८, ७२), चेन लू (१९९४, ९८), फिलिप कँडेलोरो (१९९४, ९८), शेन–झाओ (२००२, ०६), साव्हचेन्को–शोल्कोवी (२०१०, १४).

---

लुट्झकर

सहावा प्रश्न फारच सुंदर! कँडेलोरो आणि चेन लू यांची सालं तंतोतंत सारखी आहेत हे यादी वाचताना कधीच लक्षात येत नाही.

त्याच धर्तीचा एक देतो: एकाच ऑलिम्पिकमध्ये एकेरी आणि जोड्या, दोन्हींत पदक मिळवलेले दोघं कोण? मॅज सायर्स (१९०८ लंडन: एकेरीत सुवर्ण, पती एडगरसोबत जोड्यांत कांस्य) आणि एर्न्स्ट बायर (१९३६: हर्बरसोबत सुवर्ण, एकेरीत रौप्य). बिॲट्रिक्स लॉफ्रनचं नाव हमखास येतं. तिची पदकं दोन्ही प्रकारांत आहेत, पण एकेरीची १९२४ आणि १९२८ ला, जोड्यांचं १९३२ ला. ‘एकाच ऑलिम्पिकमध्ये’ हे शब्द ठळक करा.

अवांतर: १९०८ ला फिगर स्केटिंग उन्हाळी ऑलिम्पिकचा भाग होतं, १९२० ला अँटवर्पलाही. ‘हिवाळी ऑलिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण’ विचारलं तर साल्शो नाही. १९२४ शामोनीपासून मोजायचं, आणि पुरुषांत उत्तर गिलिस ग्राफस्ट्रॉम.

---

बाहेरची_कड

उरलेल्या दोन गोष्टी ठरवून पहिला डाव लावूया.

बरोबरी झाली तर आकड्याचा एकच प्रश्न, सर्वांत जवळचा जिंकेल. २०१४ च्या सैतामा जागतिकला हान्यू आणि तात्सुकी माचिदा यांच्यातलं अंतर किती? (२८२.५९ वजा २८२.२६, म्हणजे ०.३३.) २०१८ ऑलिम्पिकच्या जोड्यांत? (२३५.९० वजा २३५.४७, म्हणजे ०.४३.) असे प्रश्न फक्त २००४–०५ हंगामापासूनच्या गुणपद्धतीतले घ्या. त्याआधी ६.० च्या पद्धतीत निकाल परीक्षकांच्या क्रमांकांवर लागायचा, तिथे ‘किती गुणांनी’ हा प्रश्नच बसत नाही. आणि सर्वोच्च गुणांचे विक्रम विचारू नका. २०१८–१९ ला घटकांच्या (उड्या, गिरक्या वगैरे) दर्जाची मोजपट्टी उणे ३ ते अधिक ३ वरून उणे ५ ते अधिक ५ झाली आणि विक्रम नव्याने मोजायला सुरुवात झाली, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे एका रांगेत लावता येत नाहीत.

बोलून खेळायचा डाव महिन्यातून एकदा, रविवारी भारतात रात्री साडेनऊ. उन्हाळ्यात तेव्हा न्यू जर्सीला दुपारचे बारा आणि लंडनला संध्याकाळचे पाच वाजतात, हिवाळ्यात दोन्हीकडे एक तास आधी. तिथे उत्तराला ४० सेकंद, जोड्यांच्या ‘तीन पायऱ्या’ला ७५, कारण सहा आडनावं बोलायची असतात. चुकीच्या अंदाजाला उणे १ फक्त बोलत्या डावात, व्यनिच्या डावात नाही.

हरकत घ्यायची असेल तर उत्तरं जाहीर झाल्यापासून २४ तास. हरकतीत स्पर्धा, साल, प्रकार आणि निकालातली जागा लिहायची. ‘मला आठवतंय’ यावर गुण फिरणार नाहीत. हरकत खरी निघाली तर दोन्ही उत्तरांना गुण, आणि तो प्रश्न जुना निकाल यांच्या यादीत जाईल.

पहिल्या डावाला पंच जुना निकाल आणि सहा पूर्ण ताई. बाकीच्यांनी खाली नावं द्या. प्रश्न शुक्रवारी रात्री लागतील.

---

जुना_निकाल

पंच म्हणून तयार. पहिल्या फेरीचे सहा पोडियम निवडून झालेत, सगळे निर्विवाद आहेत: १९६४ च्या जोड्या, २००२ च्या जोड्या आणि २०२२ चं सांघिक त्यात नाही. ‘चौथा कोण’मध्ये प्रत्येक प्रश्नाला ‘आजच्या अधिकृत निकालानुसार’ जोडलंय. साखळीसाठी दोन नावं आत्ताच देतो, म्हणजे तयारीला वेळ मिळेल: पेगी फ्लेमिंगपासून कातारिना विटपर्यंत. आमची साखळी तयार आहे, दुवे किती ते शुक्रवारी.